पीएचडीची वर्षं: कौशल्यं, मार्गदर्शक, फील्डवर्क आणि मन यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक शास्त्रांत पीएचडी करणाऱ्यांना संशोधनाची कौशल्यं आणि मनाची काळजी यांचं प्रशिक्षण देणाऱ्या कार्यशाळा मी घेते. वर्गात हात वर करून विचारले जाणारे प्रश्न एक असतात, आणि सत्र संपल्यावर बाकीचे बाहेर पडेपर्यंत थांबून विचारले जाणारे दुसरेच. नमुना किती मोठा घ्यावा, जर्नल कसं निवडावं हे पहिल्या प्रकारातले. झोप लागत नाही, गाईडचं नाव फोनवर दिसलं की छातीत धस्स होतं हे दुसऱ्या प्रकारातले. इथे दोन्ही एकत्र ठेवले आहेत, कारण माझ्या अनुभवात त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात.

या प्रशिक्षणात नेमकं काय असतं?

एक बाजू संशोधनाच्या व्यवसायाची: कामाचं नियोजन, शैक्षणिक लेखन, मुलाखती आणि आकडेवारीची नीट साठवण, नीतिमत्ता, परिषदेत बोलणं, निधीसाठी अर्ज, वर्गात शिकवणं. दुसरी बाजू हे सगळं करणाऱ्या माणसाची: एकटेपणा, ताण, मार्गदर्शकाशी असलेलं नातं, फील्डवर्कमध्ये मनावर येणारं ओझं.

बहुतेक ठिकाणी या दोन बाजूंची सत्रं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांकडून घेतली जातात. मला ते पटत नाही. एका विद्यार्थिनीने पहिलं प्रकरण पाठवलं, त्यावर शेरा आला, "विश्लेषणाला खोली हवी." खोली म्हणजे नेमकं काय, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. चार महिने ती नुसती वाचत राहिली. एक ओळ लिहिली नाही, रात्र रात्र जागी राहिली आणि शेवटी पीएचडी सोडण्याचा विचार घेऊन आली. हिला ताण हलका करण्याचं सत्र द्यायचं, की अभिप्राय कसा मागावा याचं? आम्ही दुसरं दिलं. मार्गदर्शकांना विचारायचे तीन नेमके प्रश्न तिने लिहून काढले, ते पाठवले, उत्तरं आली. झोप त्यानंतर सुधारली.

ही कल्पना आली कुठून?

ब्रिटनमध्ये सर गॅरेथ रॉबर्ट्स यांनी २००२ साली विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या मनुष्यबळावर अहवाल दिला. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना विषयाबाहेरच्या कौशल्यांचं दरवर्षी किमान दोन आठवडे प्रशिक्षण मिळावं, अशी त्यात शिफारस होती. ती पुढे सामाजिक शास्त्रांपर्यंतही पोहोचली. युरोपात २००५ च्या साल्झबर्ग तत्त्वांनी पीएचडीच्या शिक्षणाचा एकूण विचार मांडला. २०१० मध्ये व्हिटे या संस्थेने संशोधकाच्या विकासाची एक चौकट तयार केली. ज्ञान आणि बौद्धिक क्षमता, वैयक्तिक परिणामकारकता, संशोधनाचं व्यवस्थापन आणि समाजाशी संवाद असे तिचे चार भाग आहेत. स्वतःची उजळणी करायला ती उपयोगी पडते. पण तिच्यातला प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे असं समजू नका.

आधीच वेळ पुरत नाही. प्रशिक्षणामुळे प्रबंध मागे पडणार नाही का?

वेळ कमी पडण्याचं एक मोठं कारण आपल्या अंदाजात असतं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमची प्रबंधिका पूर्ण व्हायला किती दिवस लागतील? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला. सगळं बिघडलं तर किती, याचा अंदाज सुमारे ४९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला हिशेबही तोकडा पडला. आपण पुढच्या कामाचं चित्र रंगवतो, मागच्या कामाला किती वेळ लागला होता ते आठवत नाही. आम्ही नियोजनाच्या सत्रात पहिल्यांदा मागचंच लिहायला लावतो: गेलं प्रकरण किती आठवड्यांत झालं, एक तासाची मुलाखत उतरवून काढायला किती तास गेले. हे आकडे समोर आले की "महिन्यात दोन प्रकरणं" असं कुणी लिहीत नाही, आणि स्वतःला आळशी म्हणायचंही थांबतं.

वर्षाला दोन आठवडे हा अंदाज मला अजूनही योग्य वाटतो, फक्त ते दिवस योग्य वेळी यायला हवेत. फील्डवरून परतल्यावर मुलाखत घ्यायला शिकणं व्यर्थ आहे. प्रमाणपत्रं गोळा करण्यासाठी दर आठवड्याला वेबिनार ऐकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना मी हक्काने थांबवते. गरज पडण्याच्या साधारण महिनाभर आधी शिका.

सगळ्यात आधी काय शिकावं?

संदर्भ सांभाळणं आणि माहिती सांभाळणं. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात वापरायला लागा. माहितीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. मुलाखतींच्या फायलींना सांकेतिक नावं आणि कुलूप हवं, आणि खऱ्या नावांची यादी त्यांच्यापासून दूर ठेवायला हवी. तिसऱ्या वर्षी लॅपटॉप बंद पडल्यावर रडत आलेल्या विद्यार्थ्याला मी काहीही देऊ शकत नाही.

संशोधक विद्यार्थ्यांना मानसिक त्रास जास्त होतो, हे खरं आहे का?

बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात कातिया लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या काही आठवड्यांत मानसिक त्रासाची किमान दोन लक्षणं जाणवलेले ५१ टक्के होते, आणि ३२ टक्क्यांना नैराश्यासारख्या आजाराचा धोका दिसत होता. उच्चशिक्षित गटांशी तुलना करूनही हे प्रमाण जास्त निघालं. २०१८ साली इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २६ देशांतल्या २,२७९ जणांची उत्तरं मांडली. त्यांत ३९ टक्क्यांच्या नैराश्याचे गुण मध्यम ते तीव्र पातळीचे होते. मात्र या दुसऱ्या पाहणीत लोक स्वतःहून सहभागी झाले होते. आधीच त्रास होत असलेल्यांनी ती जास्त भरली असण्याची शक्यता धरूनच तो आकडा वाचावा. सामाजिक शास्त्रांतल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

फ्लँडर्सच्या अभ्यासातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्रासाचा संबंध कशाशी दिसला? कामाचा बोजा, कामावर स्वतःचं नियंत्रण किती, घर आणि काम यांची ओढाताण, मार्गदर्शकाची नेतृत्वाची पद्धत, गटात निर्णय कसे घेतले जातात, विद्यापीठाबाहेरच्या करिअरकडे कसं पाहिलं जातं. या सगळ्या कामाच्या रचनेतल्या गोष्टी आहेत.

मग दोष रचनेचा असेल, तर विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन काय होणार?

हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे. ज्या विभागात मार्गदर्शक सहा सहा महिने प्रकरण वाचत नाहीत, फेलोशिपचे पैसे वेळेवर येत नाहीत, तिथे श्वासोच्छ्वासाचे व्यायाम शिकवून "आता तुम्ही खंबीर व्हा" म्हणणं हा अन्याय आहे. त्रास देणारी गोष्ट तशीच राहते आणि त्रास होतो हा विद्यार्थ्याचाच दुबळेपणा ठरतो. अशा सत्राला जावं लागलं आणि बाहेर पडताना जास्तच एकटं वाटलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही.

तरीही मी हे काम करते, त्याचं कारण सांगते. रचनेतल्या पुष्कळ गोष्टी विद्यार्थ्याला दिसतच नाहीत. प्रत्येकाला वाटतं, हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय. पंधरा जण एका खोलीत बसून आपापला मागचा महिना सांगतात, तेव्हा अकरा जणांचं प्रकरण वाचलं गेलेलं नाही हे समोर येतं. त्या क्षणी ती खाजगी लाज राहत नाही, विभागाचा प्रश्न होतो. मग प्रतिनिधी विभागप्रमुखांकडे जातो आणि प्रकरणावर किती आठवड्यांत उत्तर मिळावं याचा नियम मागतो. एका विभागात असा नियम झाल्याचं मी पाहिलं आहे, आणि मार्गदर्शकांनाही त्यामुळे बरं वाटलं. खरं तर मार्गदर्शकांचं प्रशिक्षण विद्यार्थ्यांच्या आधी व्हायला हवं. तुमच्याकडे होत नसेल तर ते मागा.

सामाजिक शास्त्रांसाठी वेगळं प्रशिक्षण कशाला?

प्रयोगशाळेत निदान शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं. आपल्याकडे प्रश्न एकट्याचा, वाचन एकट्याचं, फील्डही एकट्याचं. आणि आपली सामग्री म्हणजे माणसांची आयुष्यं. हिंसा, विस्थापन, आजारपण, मृत्यू यांवर काम करणारा संशोधक दिवसभर ऐकतो, संध्याकाळी तेच टिपणात उतरवतो, महिन्याने हेडफोन लावून प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत टाइप करतो, मग कोडिंग करताना, म्हणजे मजकुराला विषयवार खुणा लावताना, वाचतो, मग प्रकरणात उद्धृत करतो. एकच दुःख पाच वेळा अंगावरून जातं. दुसऱ्याच्या आघाताचा ऐकणाऱ्यावर होणारा असा परिणाम मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये थेरपिस्टांच्या संदर्भात मांडला. थेरपिस्टाला निदान वरिष्ठांशी बोलण्याची ठरलेली व्यवस्था असते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला बहुधा काहीच नसतं. संशोधनाची नीतिमत्ता तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचा अर्ज उत्तरदात्याला इजा होऊ नये म्हणून पानंच्या पानं विचारतो आणि संशोधकाबद्दल एखादी ओळ.

म्हणून फील्डला जाण्याआधी काही गोष्टी ठरवूनच निघा. जड विषयाच्या मुलाखती दिवसाला एक, फार तर दोन. लागोपाठच्या दिवशी नाहीत. मुलाखतीनंतर अर्धा तास मोकळा, टिपणाशिवाय. उतरवून काढण्याचं काम दिवसाउजेडी करा, झोपण्याआधी नको. विषयातलं न कळणारं पण तुमचं ऐकणारं एक माणूस ठरवा आणि आठवड्याचा दिवस बांधून घ्या. उत्तरदात्याची ओळख त्याच्यापाशी उघड करायची नाही, स्वतःवर काय परिणाम झाला तेवढंच बोलायचं.

शरीराच्या सुरक्षिततेचंही बोलायला हवं. २०१६ मध्ये केंब्रिजचा पीएचडी विद्यार्थी जुलिओ रेजेनी कैरोमध्ये कामगार संघटनांवर संशोधन करत असताना बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. त्यानंतर एकट्याने केल्या जाणाऱ्या फील्डवर्कच्या धोक्यांबद्दल विद्यापीठांना अधिक गंभीरपणे बोलावं लागलं. बहुतेकांचे धोके इतके टोकाचे नसतात. रात्री परतण्याचा रस्ता, एकट्या स्त्रीने अनोळखी घरात घेतलेली मुलाखत, उत्तरदात्याने ओलांडलेली मर्यादा, हे रोजचे धोके आहेत. कुठे जाताय, कधी परतणार, फोन आला नाही तर कुणी काय करायचं, हे एका माणसाकडे लिहून ठेवा. मुलाखत अर्धवट सोडून उठण्याचा हक्क तुम्हालाही आहे, माहिती वाया गेली तरी चालेल.

संशोधक भावुक झाला तर वस्तुनिष्ठता राहते का?

भावना लपवल्या की त्या विश्लेषणात नकळत शिरतात. फील्डच्या वहीत निरीक्षणाशेजारी एक वेगळा रकाना ठेवा: आज मला काय वाटलं, कुणाचा राग आला, कोणता प्रश्न विचारायचं मी टाळलं. लिहिताना याच नोंदी उपयोगी पडतात.

मार्गदर्शकांशी जमत नाही. काय करू?

आधी "जमत नाही" म्हणजे काय ते वेगळं काढा. पुष्कळदा दोघांच्या अपेक्षा कधी बोलल्याच गेलेल्या नसतात. विद्यार्थ्याला वाटतं सरांनी विचारावं, सरांना वाटतं गरज असेल तर तो येईल. म्हणून पहिल्या महिन्यातच, आणि तो निघून गेला असेल तर या महिन्यात, मोकळेपणाने विचारून घ्या: किती दिवसांनी भेटायचं, कच्चा मसुदा चालेल की नीट केलेलाच हवा, उत्तराची वाट किती दिवस पाहावी, आठवण केलेली आवडते का. भेट झाली की त्याच दिवशी पाच ओळींचा ईमेल पाठवा: "आज हे ठरलं, मी हे करणार, तुम्ही हे पाहणार, पुढची भेट अमुक तारखेला." हा ईमेल गैरसमज टाळतो, आणि पुढे वाद झालाच तर नोंद म्हणून उरतो.

मसुदा पाठवताना सोबत लिहा की कशावर मत हवं आहे: "मांडणीचा क्रम पटतो का एवढंच पाहा, भाषा अजून कच्ची आहे." नाहीतर ते शुद्धलेखन तपासतात आणि तुमचा युक्तिवाद तसाच राहतो.

शोधनिबंधावर कुणाचं नाव कितवं, हा विषय लिहायला बसण्याआधी काढा. क्रेडिट नावाची एक पद्धत आहे, तिच्यात संकल्पनेपासून लेखनापर्यंत योगदानाच्या १४ भूमिका दिल्या आहेत. ती समोर ठेवली की चर्चा व्यक्तीवर न जाता कामावर राहते.

मात्र अपमान, धमकी, फुकटात करून घेतलेली घरकामं, लैंगिक त्रास यांना संवादकौशल्याचं औषध नाही. तिथे तारीखवार नोंद ठेवा, विश्वासातल्या दुसऱ्या प्राध्यापकांना सांगा, तक्रार समितीकडे जा, मार्गदर्शक बदलण्याचा नियम वाचा. मार्गदर्शक बदलून पीएचडी पूर्ण केलेले अनेक जण आहेत.

मी इथे चुकून आले आहे, असं सतत वाटतं.

मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये या अनुभवाला 'इम्पोस्टर फेनॉमेनन' असं नाव दिलं. यश मिळवलेल्या, तरीही आपण सगळ्यांना फसवतोय असं मानणाऱ्या स्त्रियांबद्दल त्या लिहीत होत्या. हा आजार नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या किंवा अल्पसंख्य गटातून आलेल्या विद्यार्थ्याला "हे फक्त तुझ्या मनात आहे" म्हणू नये. त्याला बैठकीत मधेच तोडलं जात असेल, त्याच्या उच्चारांवर हसू उमटत असेल, तर उपरेपणाची त्याची जाणीव खरी आहे. ती बदलायची जबाबदारी त्या खोलीतल्या इतरांची आहे.

लिहिणं होतच नाही.

एकत्र बसून लिहा. आमच्या कार्यशाळांमधलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात टिकलेलं काम हेच आहे. चार-पाच जण, प्रत्यक्ष किंवा पडद्यावर. सुरुवातीला प्रत्येकाने एक वाक्य सांगायचं, आज काय लिहिणार. मग शांतता. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांतीची पद्धत अनेकांना जमते, काहींना ५० मिनिटं बरी वाटतात. "आज लिहीन" यापेक्षा "नऊ वाजता खुर्चीत बसले की मुलाखत क्रमांक सातचा परिच्छेद लिहीन" असा संकल्प जास्त पाळला जातो. वेळ आणि जागा बांधून केलेल्या अशा संकल्पांवर पीटर गॉलविट्झर यांनी पुष्कळ काम केलं आहे.

नेहमीचा ताण आणि आजार यांत फरक कसा ओळखावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद कामाशी जोडलेली स्थिती म्हणून आहे, आजार म्हणून नाही. पार गळून जाणं, कामाबद्दल अंतर किंवा कडवटपणा वाटणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. नैराश्य कामापुरतं थांबत नाही. दोन आठवडे किंवा जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर समुपदेशक किंवा डॉक्टरांना भेटा. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, तातडीची वैद्यकीय मदत किंवा हेल्पलाइन गाठा. प्रबंध, मुदत, मार्गदर्शक हे सगळं नंतर.

हे मार्गदर्शकांना सांगावं का?

सगळं सांगायची गरज नाही. "तब्येतीमुळे पुढचे सहा आठवडे कामाचा वेग कमी राहील, ही सुधारित तारीख" एवढं पुरतं.

विद्यापीठात नोकरी मिळाली नाही तर इतक्या वर्षांचं काय?

सर्वेक्षण आखणं, अनोळखी माणसाला बोलतं करणं, शेकडो पानांतून सूत्र काढणं, आकड्यांमागचा संदर्भ ओळखणं, हे सगळं सरकारी विभाग, सामाजिक संस्था, पत्रकारिता, धोरणसंस्था आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतलं वापरकर्त्यांचं संशोधन यांत लागतं. अडचण भाषेची असते. प्रबंधाच्या भाषेत बायोडेटा लिहिला तर समोरच्याला काही कळत नाही. "३८ सखोल मुलाखती घेतल्या, त्यांतून निघालेल्या पाच शिफारशी स्थानिक प्रशासनापुढे मांडल्या" असं लिहा. बोलण्याच्या सरावाला क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा उत्तम आहे: एक स्लाइड, तीन मिनिटं. स्पर्धेत उतरला नाहीत तरी घरच्यांसमोर करून पाहा. हे शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवू नका. बाहेरचा रस्ता दुसऱ्याच वर्षी पाहून ठेवलेले विद्यार्थी प्रबंधही कमी धास्तीने लिहितात, असं मला दिसलं आहे.

मी नोकरी आणि घर सांभाळून पीएचडी करते. ही सत्रं माझ्यासाठी आहेत का?

असायला हवीत, पण दुपारी दोन वाजता ठेवली तर नसतात. संध्याकाळची वेळ, ध्वनिमुद्रण आणि सत्राची टिपणं मागा. तुमच्यासारखे आणखी दोघं शोधा, तिघांची मागणी लवकर ऐकली जाते.

आमच्याकडे असं काहीच नाही. सुरुवात कुठून करू?

आणखी तीन जण गाठा. विषय वेगळे असले तरी चालतील, वर्षं वेगळी असली तर जास्त चांगलं. पंधरवड्यातून एकदा दीड तास. पहिला अर्धा तास प्रत्येकाने सांगायचं: गेल्या दोन आठवड्यांत काय झालं, कुठे अडलं. सल्ला मागितला तरच द्यायचा. पुढचा तास शांतपणे लिहायचं. जे बोललं गेलं ते बाहेर न्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी कबूल करायचं. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट अडत असल्याचं लक्षात येईल, बहुधा साहित्याचा आढावा किंवा आकडेवारीचं सॉफ्टवेअर. मग त्या एका गोष्टीसाठी विभागाकडे लेखी अर्ज करा, चौघांच्या सह्यांनी.